बॅरल

दिवसभर मी टाक्यांवर चढतो.
फुजैराच्या बंदरामागे, डोंगर जिथे नुसते दगडाचे.
झाकण उघडून पितळी वजनाची टेप आत सोडतो,
तळाला टक् लागली की वर ओढतो,
ओली खूण वाचतो.
किती तेल आहे ते एका रकान्यात,
किती रिकामं आहे ते दुसऱ्या.
पंधरा वर्षांत किती बॅरल वाचली
त्याचा हिशोब कंपनीकडे.

माझं स्वतःचं बॅरल एकच.
गॅलरीत, मातीच्या कुंडीत,
सोललेल्या नारळाएवढं, सोनेरी काट्यांचं.
रमझी इंजिनिअर करार संपवून अलेक्झांड्रियाला गेला
तेव्हा दारात ठेवून गेला.
"पाणी कमी," एवढंच म्हणाला
आणि लिफ्टचं दार मिटलं.

"काटेरी झाड घरात ठेवू नये," मंदाकिनी फोनवर.
"घर कुठाय," मी म्हटलं, "खोली आहे."
इंग्रजीत त्याला सासूचं आसन म्हणतात
हे सांगितलं नाही.
तिची आई शेजारीच बसली होती.

मला वाटलं, वाळवंटाचं झाड,
त्याला वाळवंटात काय शिकवायचं.
पहिल्याच जूनमध्ये पश्चिमेची बाजू करपली,
कागदी झाली.
त्याचं वाळवंट वेगळं, मेक्सिकोतलं,
रात्री गार होणारं.
इथली रात्रसुद्धा घाम पुसत बसते.

मग जुना बनियन दांडीवर ताणून सावली केली.
नळाचं पाणी उन्हाळ्यात चहाला चालेल इतकं कढत,
म्हणून एसीच्या नळीखाली बाटली:
थेंब थेंब, ना मीठ ना क्लोरीन,
आमच्याच श्वासांचं गाळलेलं पाणी.
कबाबची काडी मातीत खोल खुपसायची,
दहा मिनिटांनी काढायची.
माती चिकटली तर थांबायचं.
कोरडी आली तरी चार दिवस थांबायचं.
टेप वाचणाऱ्याला हे जमतं.
महिन्याला कुंडी पाव वळवायची,
नाहीतर ते उजेडाकडे झुकतं
आणि झुकलेलंच वाढतं.
वाढतं म्हणजे काय, वर्षाला बोटभरही नाही.
फूल? रमझीलाही दिसलं नव्हतं.

यंदा चाळीस दिवस सुट्टीवर गेलो.
निहालला म्हटलं, कुंडीकडे बघ.
तो गॉलकडचा, हिरव्या मुलखाचा.
त्याने रोज सकाळी पेलाभर पाणी घातलं,
मायेने.

आलो तर वरून सगळं ठीक, सोनेरी, ताठ.
बुडाशी अंगठा दाबला.
आत गेला.

टाकी गळते तेव्हाही असंच. वरचा रंग नवा असतो.

निहाल काही बोलला नाही.
वर्तमानपत्राची जाड घडी करून त्याने ते कमरेशी धरलं,
मी सुरी स्पिरिटने पुसली.
पहिला काप तपकिरी.
दुसरा तपकिरी.
तिसऱ्यालाही ठिपके.
चौथ्याला काकडीसारखं फिकं हिरवं लागलं,
मधोमध पांढरी चकती,
आणि पाणी, केवढं पाणी,
जे मी कधीच मोजलं नव्हतं.
निहालने पेटीतून आईने दिलेली दालचिनी काढली,
कुटली, जखमेवर बोटांनी दाबून बसवली.
खोलीभर वास,
शेजारी कुणाकडे पाहुणे येणार असावेत तसा.

तीन आठवडे ते रद्दीवर बसून होतं, बिनमुळाचं.
आता कोरड्या खडीवर टेकवलंय,
तीन काठ्यांच्या आधाराने.
पाणी नाही.
मंदाकिनी विचारते, जगेल का?
हल्ली ती आधी त्याचंच विचारते.
निहाल कामावरून आला की सवयीने पेला भरतो,
गॅलरीच्या दारापर्यंत जातो,
उभा राहतो,
मग स्वतःच पितो.

काल रात्री त्याच काडीने हळूच ढकलून पाहिलं.
हललं.
आज परत.
हललं, पण जरा उशिरा.

हे कुठल्या रकान्यात लिहावं,
कळेना.